आपलं कोणी नसलेलं गाव

हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय, कारण लिहीत बसले नाही तर मी कुणाला तरी फोन करेन. आणि फोन करायचा नाहीये. मागच्या वेळी केला होता, त्याचंच तर हे सगळं आहे.

दुपारचे पावणेचार वाजलेत. आई सकाळी सातच्या गाडीने गेली. एकटी. कुठे गेली ते मला माहीत नाही, बाबांनाही माहीत नाही. जाताना तिने एक कागद घडी करून मसाल्याच्या डब्यात, हळदीच्या वाटीखाली ठेवला आणि म्हणाली, "सहापर्यंत माझा मेसेज नाय आला तर उघडायचा. आला तर उघडायचा नाय." डबा माझ्यासमोर आहे. मी तो तीनदा उघडलाय. कागद नाही उघडलेला, डबा फक्त.

पहिल्यापासून सांगते.

आम्ही महाडला राहतो. बाबांची रिक्षा आहे, मी एका लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते (म्हणून माझा स्पीड असा आहे, चुका सांभाळून घ्या), आणि आई डबे करते. एमआयडीसीत काम करणारी बाहेरगावची माणसं असतात ना, त्यांचे. सकाळी बावीस, संध्याकाळी चौदा. अकरा वर्षं. दिवाळीत ती माणसं आपापल्या गावी जातात तेव्हा डबे बंद असतात, पण तेव्हा आमच्याकडे पाहुणे असतात. गणपतीत तर विचारूच नका. यंदा गणपतीत घरात अकरा माणसं होती. ती गेल्यावर आई मोठं पातेलं घासता घासता एकदम म्हणाली, "मला कुठंतरी जायचंय. एकटीला. चार दिवस."

बाबा म्हणाले, "मी काय केलं?"

"तुम्ही काय नाय केलं. मला नुसतं बसायचंय. मी कुणाला वाढणार नाय आणि मला कोणी ओळखणार नाय अशा ठिकाणी."

मला इतका आनंद झाला की मी पातेलं तिच्या हातातून ओढूनच घेतलं. मी म्हटलं, ठिकाण मी शोधते! मोबाईल काढून लगेच यादी सुरू केली. शांत पाहिजे, घरात बाईमाणूस पाहिजे, दाराला आतून कडी पाहिजे, संडास खोलीपासून लांब नको, गाडी उतरल्यावर फार चालायला नको.

पण आमच्याकडे बाईने कुठे जायचं म्हटलं की पहिला प्रश्न एकच असतो, "तिथं आपलं कोण आहे?" कोणी असेल तर जा. माहेर, बहीण, नणंद, नाहीतर देव. हे चार सोडून पाचवं ठिकाण आमच्या आळीतल्या कुठल्या बाईने पाहिलेलं नाही. आणि आईला नेमकं उलटं पाहिजे होतं. त्यामुळे मी यादी उलटी तपासायला लागले. आपलं कोणी निघालं की काट.

सव? गरम पाण्याची कुंडं, पाय शेकतील, जवळही आहे. आई हसली. "गुडघे दुखणारं अर्धं महाड तिथं भेटेल मला. पाय पाण्यात घालायच्या आधी आपल्याच आळीतल्या तिघी विचारतील, भाजी काय केलीस?" शिवथर घळीकडे? शांतता आहे, झाडी आहे. पण तिथे मामीच्या माहेरची माणसं. काट. महाबळेश्वर? तिथे आपलं कोणी नाही, पण आई म्हणाली, "तिथं एकटी बाई दिसली की लोक तिच्याबरोबरचा माणूस शोधतात." मी गोवा म्हटलं तर बाबा जेवणावरून उठले. जेवण झालं होतं त्यांचं, तरी उठले.

शेवटी सापडलं. पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटात रस्त्यापासून वीस मिनिटं चढून गेलं की एक वाडी आहे. सातआठ घरं, म्हशी, नाचणीची शेतं. त्यातल्या एका घरातल्या मावशींनी मागे दोन खोल्या बांधून पाहुणे ठेवायला सुरुवात केली होती. मी फोन केला.

"येकटीच येणार?" मावशींनी विचारलं.

"हो."

"कोण वारलं का गो?"

"नाही हो!"

"मंग रागावून येतेय का घरातनं?"

"नाही मावशी, नुसतं राहायला. तिला काही काम करायला लावू नका. फक्त वाढा."

"आजारी हाय तर."

"अहो, धडधाकट आहे!"

मावशी म्हणाल्या, "बरं. येऊ दे. बघू तरी कशी दिसते."

मी एका रविवारी मैत्रिणीच्या स्कूटीवरून जाऊन सगळं बघून आले. खोली स्वच्छ, संडास शेजारीच, मावशींची सासू दिवसभर ओट्यावर, म्हणजे घरात सतत कोणी ना कोणी. फक्त दाराला आतून कडीच नव्हती. बाहेरून होती. मावशी म्हणाल्या, "आतनं कशाला? आमच्यात दार कोण लावतंय? म्हस आत येऊ नये म्हनून भायेरनं लावतो." मी महाडहून कड्यांचं पाकीट आणलं, त्यात दोन होत्या. पुढच्या रविवारी परत गेले आणि एक कडी स्वतः बसवली. म्हातारी आजी बघत होती. म्हणाली, "तुझी आय काय सोनं घेऊन येतेय काय गो?"

रेंजचं मात्र अवघड होतं. गोठ्यामागे एक मोठा दगड आहे, त्यावर चढलं की येते. माझा पहिला फोनही मावशींनी तिथूनच उचलला होता.

दिवाळीनंतर आईने डब्यांमध्ये चिठ्ठ्या टाकल्या, गुरुवार ते रविवार डबा बंद. आळीत सांगितलं, बहिणीकडे चाललेय. खोटं बोलताना ती अजिबात अडखळली नाही, मला नवलच वाटलं. गुरुवारी सकाळी मी तिला महाबळेश्वरच्या गाडीत बसवलं. खिडकीतून म्हणाली, "कुणाला सांगू नको हां." मी म्हटलं, वेडी आहेस का? कुणाला सांगणारे मी?

दुपारी दोनपर्यंत मेसेज नाही. तीनपर्यंत नाही. चारला मी लॅबमध्ये कुणाच्या तरी रिपोर्टात साखरेच्या जागी हिमोग्लोबिन टाइप केलं, मॅडमनी झापलं. मावशींना फोन, लागत नाही. आईला फोन, लागत नाही. मला माहीत होतं दगडावर चढल्याशिवाय लागणारच नाही. मीच तर चढून बघितलं होतं! तरी पाच वाजता माझ्या डोळ्यांसमोर घाटातली सगळी वळणं यायला लागली. आणि मग मला आठवलं की घाटाखालच्या गावात बाबांची चुलतबहीण दिलीय.

म्हणजे आपलं कोणीतरी आहे.

मी आत्याला फोन केला. अगदी हळू आवाजात, जणू आई ऐकतेय. "आत्या, आई वर वाडीवर आहे. कुणाला तरी नुसतं बघून यायला सांगा ना, पोचली का. मी सांगितलं म्हणून सांगू नका."

आत्या म्हणाली, "वैनी वाडीवर? आमच्या दारावरनं गेली?"

तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी फोन ठेवला आणि मला एकदम बरं वाटलं. अर्ध्या तासाने आईचाच मेसेज आला, "छान आहे. बसलेय." मी आत्याला परत फोन करून सांगायला हवं होतं ना, की आता नका जाऊ? मला सुचलंच नाही. आईचा मेसेज आला, विषय संपला, असं मला वाटलं.

पुढचं मला वाडीच्या मावशींनी नंतर दगडावर चढून सांगितलं. शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमारास आत्या, आत्याचा नवरा आणि तिची जाऊ असे तिघं वाडीवर हजर. हातात तांदळाचं पीठ, सुकट आणि एक जिवंत कोंबडा. आई ओट्यावर आजीशेजारी बसली होती. आत्या लांबूनच ओरडली, "वैनी, आमी काय मेलो होतो? लोकांच्या घरी ऱ्हाताव?"

मावशी म्हणाल्या, "तुजी आय पैल्या दिवशी आली, चा घेतला आणि त्या कट्ट्यावर जी बसली ती दिवस उतरेपरेंत. म्या दोनदा बघून आले, झोपली का काय. जागी होती. दुसऱ्या दिवशी तुमची मानसं आली आणि घेऊन गेली तिला. बॅग भरायला आत गेली, आतनं कडी लावली. लई येळ. म्या म्हटलं कापडं बदलत असेल. भायेर आली तर कापडं तीच."

आत्या तिला खाली आपल्या घरी घेऊन गेली. शनिवारी दुपारी आई महाडला परत. एक दिवस आधीच. मी दारातच उभी होते. तिने चपला काढल्या, पाणी प्यायली.

"आत्याकडे काय केलं होतं?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"कोंबडी-वडे."

"मस्त! कसे झाले?"

"चांगले झाले. मीच केले. नऊ माणसं होतो."

बाबा जेवत होते, ते थांबले. आईने माझ्याकडे बघितलं. "तू फोन केलास?"

"हो."

"मी बसले होते गं नुसती," ती म्हणाली. "ते पण कुणीतरी येऊन बघायचं होतं?"

एवढंच. ओरडली नाही, काही नाही. पदर खोचला आणि माळ्यावरचे डबे काढून पुसायला लागली. मी सॉरी म्हटलं तर म्हणाली, ते झाकण दे. मला वाटत होतं तिने मला एक थोबाडीत मारावी. तिने मला झाकणं पुसायला बसवलं. बावीस.

आणि मला स्वतःचा इतका राग आला होता! कारण मी बाबांना हसले होते, आळीतल्या बायकांना हसले होते, तिथं आपलं कोण आहे असं विचारतात म्हणून. आणि वेळ आली तेव्हा मी तेच केलं. दोन रविवार घालवून मी तिच्यासाठी शांत जागा शोधली, कडीसुद्धा बसवली, आणि एका फोनने तीच जागा पाहुण्यांनी भरून टाकली.

त्यानंतर आई या विषयावर एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, संपलं. आता ती कधी कुठे जाणार नाही आणि ते माझ्यामुळे.

संक्रांत झाली. परवा डब्यांमध्ये चिठ्ठ्या गेल्या. बाबांनी विचारलं तर म्हणाली, "शुक्रवार ते सोमवार." मी विचारलं, ठिकाण शोधू का? तर म्हणाली, "नको, मी शोधलंय. तिथं आपलं कोणी नाय. मी चौकशी केली." कुणाकडे चौकशी केली? कशी? तिला तर मोबाईलवर नीट शोधताही येत नाही, असं मी इतके दिवस समजत होते.

आज हळदीकुंकवाचं बोलावणं करायला शेजारच्या काकू आल्या होत्या. "आई कुठाय गं?"

"गावाला."

"कुठल्या?"

"माहीत नाही."

"अगं, असं कसं माहीत नाही? स्वतःची आई आणि माहीत नाही?"

"नाही माहीत, काकू. खरंच." आणि खरंच होतं ते. काकू चपला घालता घालता मागे वळून वळून बघत होत्या.

मगाशी मी काहीतरी शोधायला म्हणून हत्यारांचा खण उघडला. कड्यांचं ते पाकीट होतं ना, त्यातली दुसरी कडी मी तिथे ठेवली होती. नाहीये. स्क्रू नाहीत. पेचकसही नाही. मी खण तसाच उघडा ठेवून खाली बसले आणि हसायलाच लागले.

बाबा दर दहा मिनिटांनी येतात. "आला का?" "नाही." "मग त्या तुझ्या आत्याला..." "बाबा, नाही!" "बरं बरं. मी नुसतं म्हटलं." मग डब्याकडे बघतात. मी डबा माझ्याकडे ओढून घेते. रिक्षा आज त्यांनी बाहेर काढलीच नाहीये.

आत्ता चार वाजून पंचवीस मिनिटं झालीत आणि थांबा थांबा थांबा, आला!

"पोचले. कडी बसवली. आयतं जेवले."

बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "आता कागद बघायला काय हरकत आहे? पोचली ना ती." खरं सांगते, माझाही हात गेला होता. पण ती म्हणाली होती, आला तर उघडायचा नाही. मी डबा बंद केला आणि वरच्या फळीवर ठेवून दिला. बाबा रिक्षाची चावी शोधायला गेले.

तिला उत्तर काय पाठवू कळत नव्हतं. पाच वेळा लिहिलं, पाच वेळा पुसलं. जेवलीस का विचारायचं नाही, कुठे आहेस विचारायचं नाही. शेवटी फक्त "बरं" पाठवलं.

तुमच्या घरातली कुणी बाई कधी अशी एकटी गेलीय का? तुम्ही फोन केला होता का कुणाला? का तुम्हीच गेला होतात, आणि दुसऱ्या दिवशी आपलं कोणीतरी कोंबडा घेऊन दारात उभं होतं?