टॉवेलाखालचा हात

आटपाडीच्या बाजारात मेंढरांचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा नि विकणारा टॉवेलाखाली हातात हात घालतात, बोटं धरून आकडा सांगतात. कोणत्या बोटाचा किती, हे माझ्या वडिलांनी, आबांनी, मला चहा गार व्हायच्या आत शिकवलं होतं. झालं, आलं आपल्याला, असं मी धरून चाललो.

यंदा आबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. घर मेंढरांवर चालतं, तेव्हा बाजार माझ्या गळ्यात आला. पहिल्या बाजारातून कोकरं आणून दारात उतरवली, तर आबांचा खाटेवरून प्रश्न, "इकणाऱ्याचा हात कसा हुता रं?"

"आवं आबा, लय स्वस्तात मिळाली."

"भाव कोण इचारतंय? हात घामेजला हुता का? सोडताना घाई केली का?"

मला काय डोंबल ठाऊक! माझं सगळं ध्यान बोटं ओळखण्यात. दोन-चार दिवसांत कोकरांची नाकं गळायला लागली. एक तर सकाळी आडवंच पडलेलं. विकणाऱ्याला रोग माहीत होता आणि त्याची धास्ती त्याच्या हातात असणारच, मला कळली नाही एवढंच.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. मोबाईलवर भाव बघायचा, रोगांचे व्हिडिओ बघायचे, मेंढरांच्या वाड्यावर चक्कर मारायची, परत मोबाईल. आबांना खोदून विचारायचो, "घाईचा हात म्हंजी कसा? नीट सांगा की!" ते डोळे मिटून शब्द शोधायचे, मग भडकायचे. "त्यो कळतो रं! आता कसं सांगू?" मीही भडकायचो. कळतो म्हणे! हे सगळं आबांबरोबरच जाणार की काय, हीच भीती.

परवा, बाजाराच्या आदल्या दिवशी, आबांनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून माझ्या हातात ठेवला. वर टॉवेल टाकला.

"मी इकणारा. बोल."

मी सवयीनं आकडा शोधू लागलो. पण त्यांना बोट धरताच येत नव्हतं. शेवटी मी शोधणं सोडलं, नुसता हात धरून बसलो. तळवा गार होता, ओला होता. मनगटाशी बारीक थरथर. वर पाहिलं तर आबा हसत होते, बाजारात हसायचे तसेच.

"आबा, तुमी भ्यालाय."

हसू मावळलं. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.

"व्हय," ते म्हणाले. "आता जा बाजाराला."