पाय धरणाऱ्या मॅडम

घरात शिरल्या की चप्पल काढून त्या थेट जमिनीवर बसायच्या आणि समोरच्या पोराला विचारायच्या, "पाय धरू का तुमचे?"

घरातली म्हातारी माणसं ओशाळायची. एवढी शिकलेली बाई, आणि पाच वर्षांच्या पोराचे पाय धरते म्हणते! पोरं मात्र खुदकन हसायची. ज्यांना पाय हलवता येत नव्हता, ती मान हलवायची. मान हलल्याशिवाय त्यांनी कुणाला हात लावलेला मी पाहिला नाही.

त्या फिजिओथेरपिस्ट, मी विशेष शिक्षिका. दोघीही कंत्राटी. ज्या मुलांना शाळेपर्यंत येता येत नाही, त्यांच्या घरी आम्ही मॅडमच्या स्कूटीवरून जायचो. कुणाचा हात जन्मताना नस ताणली जाऊन लुळा पडलेला, कुणाच्या मणक्याला मार बसलेला.

कायम दमलेली आणि तरीही न थांबणारी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. "दमले बाई," असं त्या सकाळी स्कूटी सुरू करतानाच म्हणायच्या. मी एकदा म्हटलं, अजून तर दिवस सुरूसुद्धा झाला नाही. त्या म्हणाल्या, "मग हे कालचं समज."

तामलवाडीच्या एका घरात चहा येईपर्यंत त्या भिंतीला टेकून झोपी गेल्या. त्यांच्या मांडीवर आपला लुळा हात ठेवून बसलेली चार वर्षांची पोर हललीसुद्धा नाही. आजीची कपबशी वाजली, तर तिनं आजीलाच दटावलं.

तेर गावची मुलगी अकरा वर्षांची. स्लॅबवर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करताना तोल जाऊन खाली पडली. ऑपरेशन झालं, पण कमरेखालची जाणीव परत आली नाही. आम्ही पोचलो तेव्हा वर्ष होत आलं होतं. घोटे ताठत चालले होते, पडून राहून पाठीला जखम झाली होती. पहिले तीन महिने पोरीची कूस कशी बदलायची ते आईला शिकवण्यात आणि जखम भरण्यात गेले.

मग एका मंगळवारी बाप दारात उभा राहिला. "मॅडम, खरं सांगा. पोरगी चालंल का?"

अशा वेळी 'बघू' म्हणून वेळ मारून न्यायची माझी सवय.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "चालणार न्हाय. पण स्वतःच्या हातानं चाकाच्या खुर्चीत बसंल. शाळंत जाईल."

"मग तुमी येता कशाला?"

घोटा ताणायचा राहिला होता, तेवढा त्यांनी ताणला आणि उठल्या.

पुढच्या मंगळवारी दाराला आतून कडी. मी म्हटलं, चला, अजून दोन घरं आहेत. त्या खिडकीशी गेल्या. खिडकीला लागूनच पोरीची खाट होती. कापडात गुंडाळलेल्या दोन विटा आम्ही आधीच देऊन ठेवल्या होत्या. गजातून त्यांनी तिला सांगितलं, विटा दोन्ही बाजूंना ठेव, त्यावर तळवे रोव, आणि कंबर उचल. पोरगी उचलायची, धपकन बसायची, पुन्हा उचलायची. बाप आत कुठंतरी होता, त्याच्या खोकण्यावरून कळत होतं.

असे तीन मंगळवार खिडकीतूनच गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी पोरीला समजावलं की हातात जोर आला की खाटेवरून खुर्चीवर एक गुळगुळीत फळी टाकायची आणि तिच्यावरून घसरत जायचं. चौथ्या मंगळवारी दार उघडं होतं. बाप रानात गेला होता. खाटेशी रंधा मारलेली नवीकोरी फळी टेकवून ठेवली होती.

फळीला पावडर लावून घसरत खुर्ची गाठायला पोरीला सहा महिने लागले. ज्या दिवशी एकटीनं गाठली, त्या दिवशी आई पदरात तोंड घालून रडली. मॅडमनी भिंतीला डोकं टेकलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "छान. आता परत खाटेवर."

यंदा त्यांच्या कंत्राटाची पुढची ऑर्डर आलीच नाही. लातूरच्या एका दवाखान्यात त्यांना काम मिळालं. शेवटच्या फेरीत त्यांनी एकाही घरी हे सांगितलं नाही. मी चिडले. त्या म्हणाल्या, "सांगितलं तर पोरं रडतील. मग मी पण रडेन. तेवढं त्राण नाही गं माझ्यात. तू सांग."

म्हणून मी एकटी बसनं तेरला गेले. बाप उंबऱ्यासमोर उकिडवा बसून सिमेंटचा उतार करत होता, खुर्ची बाहेर काढायला. त्यानं माझ्या मागं पाहिलं. मी सांगितलं. तो थापी फिरवत राहिला.

"उतार लई खडा झाला का, त्येवढं त्यास्नी इचारायचं हुतं," तो म्हणाला.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. तसं मी सांगून टाकलं.

त्यानं गोणपाट भिजवून उतारावर अंथरलं. "ऱ्हाऊ द्या. वाळल्यावर पोरगीच सांगंल."

आतून पोरीनं विचारलं, किती दिवस लागतील?

"आठ दिस पाणी मारावं लागतंय," तो म्हणाला, आणि बादली घेऊन हौदाकडं गेला.