कोंबडीपायी सोडलेली पाळी

विलायतेला वऱ्हाडच्या कापसाची भूक लागली होती, त्या दिवसांत मी अमरावतीच्या बाजारात कापूस तोलणारा मापारी होतो. तेल्हाऱ्याकडचा एक एकटा म्हातारा गाडीत कापसासोबत आपली म्हातारी कोंबडी घेऊन आला. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. तो ज्वारी टाकून शेजारी बोटाने टकटक करी आणि ती आवाजाच्या रोखाने चोच मारी. कधी चोच बोटावरच बसे, तरी तो हात मागे घेत नसे.

"अंडं देत नाही, दिसत नाही, मग घरीच का नाही ठेवली?" मी विचारलं.

"घरी कोनी नाई, भाऊ. तिले दाने कुठं हायेत ते कोन सांगन?"

तिसऱ्या दिवशी रांगेत त्याची तोलाची पाळी आली आणि नेमकी कोंबडी गाड्यांच्या गर्दीत हरवली.

"बाबा, आता गेलात तर पाळी जाईल!" मी म्हणालो.

"जाऊ द्या," म्हणत तो चाकांमधून वाकून जमीन ठोकत गेला.

कोंबडी काखेत घेऊन तो परतला, तेव्हा मागच्याचा कापूस काट्यावर चढला होता. त्याने बैल जुंपले आणि गाडी रांगेच्या शेवटी नेली. मला त्याला मधे घेता आलं असतं. मी घेतलं नाही.