जिन्याखालची पेटी

आमच्या ब्लॉकमधले किस्से कपाटात दडपून ठेवलेल्या चादरींसारखे आहेत. एक ओढायला जावे, तर तीन अंगावर येतात. म्हणून मी जरा बेतानेच ओढणार आहे. वस्त्रशास्त्रात एम.एस्सी. केल्यापासून पुराव्याशिवाय विधान करायचे नाही, अशी सवय लागली आहे. तेव्हा जे मी स्वतः पाहिले ते तसे सांगते, आणि जे आईकडून ऐकले ते आईच्या नावावर सांगते.

भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपमधला आमचा ब्लॉक दुमजली, आठ क्वार्टरांचा. क्वार्टर दोन खोल्यांचे, आणि पाहुणे मात्र नागपूर-अमरावतीहून एका वेळी सहा-सहा येणार. प्रत्येकाने सहा माणसांची अंथरुणे ठेवायची कुठे? म्हणून सगळ्यांनी मिळून गोविंदपुऱ्यातल्या एका वर्कशॉपमधून पत्र्याची भली मोठी पेटी करवून घेतली आणि ती तळमजल्यावर, जिन्याखाली ठेवली. नवे कुटुंब राहायला आले की त्याने पेटीत एक गादी, दोन चादरी आणि दोन अभ्रे घालायचे. मग आपल्याकडे पाहुणे आले की हवे तेवढे काढायचे. किल्ली जिन्यालगत राहणाऱ्या करंबेळकर काकूंकडे. ती त्यांच्याकडे कोणी सोपवली, हे आज कोणालाही खात्रीने सांगता येत नाही.

*

नेलेली चादर धुऊन, उन्हात वाळवून परत करायची, एवढाच नियम होता. काकू ती दारातच उलगडत, उजेडाकडे धरत, नाकाशी नेत आणि शेवटी कडेची दुमडलेली शिवण दोन बोटांत चोळत.

आई सांगते, लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सासू-सासरे येऊन गेले आणि ती चादरी परत करायला खाली गेली. काकूंनी कड चोळली.

“मंगल, ओली आहे.”

“ताई, सकाळपासून तारेवर होती.”

“मध्ये वाळली. कडेला नाही. आणि पाहुणा संकोचानं कडेलाच झोपतो.”

आईने चादर पुन्हा वाळत घातली. संध्याकाळी नेली, तर काकू म्हणाल्या, तारेवरून काढायला उशीर झाला, दव धरले आहे. दुसऱ्या दिवशी बाबांनी युक्ती सुचवली आणि आईने फक्त कडांवरून इस्त्री फिरवली. काकूंनी वास घेतला.

“ही इस्त्रीनं वाळवलीस. उन्हानं नाही.”

चौथ्या खेपेला चादर पेटीत गेली. त्यानंतर माझी शाळा झाली, कॉलेज झाले, पण आईची चादर पहिल्या खेपेत कधी पास झाली नाही. आई हे हसत सांगते. तरीही चादरी घेऊन जिना उतरताना ती पदर नीट करते, हे मी अनेकदा पाहिले आहे. तिला एकदाच, एकदाच काकूंच्या तोंडून “बरोबर आहे” ऐकायचे होते.

*

पेटीतली एखादी चादर विरली की नवी आणायचे काम काकूंचेच. एकदा त्या मला चौकातल्या दुकानात घेऊन गेल्या. त्यांनी चादर उन्हात धरली, कोपरा मुठीत चुरगळून पाहिला, पर्समधली पाण्याची बाटली काढून काठ भिजवला आणि पांढऱ्या रुमालावर घासला. रंग उतरतो का ते पाहायला. अशा सात चादरी झाल्यावर दुकानदाराने हात जोडले.

“माताजी, चादर देख रही हैं कि बहू पसंद कर रही हैं?”

काकूंनी आठवी चादर उजेडाकडे धरली. “बहू एक घर जाएगी, भैया. ये आठ घर जाएगी.”

*

पडद्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. टाउनशिपमध्ये एका टाइपच्या सगळ्या क्वार्टरांच्या खिडक्या एकाच मापाच्या. त्यामुळे प्रमोशन होऊन मोठ्या क्वार्टरमध्ये जाणारी माणसे पडदे काढतच नसत. येणाऱ्यासाठी तसेच ठेवून जात. त्यातून एका वर्षी तळमजल्यावरच्या वानखेडे काकांना सेलमध्ये तपकिरी पानांचे कापड मिळाले आणि त्यांनी उत्साहाने सगळ्या ब्लॉकसाठी ताग्यांनी आणले. आठही क्वार्टर आतून-बाहेरून सारखे दिसू लागले.

वानखेड्यांचे नागपूरचे मामा प्रथमच आले. खालच्या मजल्याऐवजी ते वरच्या शुक्ला भाभींकडे शिरले. भाभींना वाटले, शुक्ला साहेबांच्या गावाकडचे कोणी असतील. त्यांनी चहा दिला. मामांनी चहा घेतला, बिस्किटे खाल्ली, भाभींनी पेटीतली चादर घातलेल्या दिवाणावर तासभर झोप काढली आणि उठून विचारले, “सुरेश कब आता है?”

“कौन सुरेश?”

मामा खजील होऊन निघाले. भाभींनी त्यांना जिन्यात गाठले. “सो तो लिए ही हैं, अब खाना भी खा के जाइए.”

मामा अखेरीस खाली वानखेड्यांकडे पोहोचले. बसण्याआधी त्यांनी पडदे पाहिले, मग गादीवरची चादर निरखली. दोन्हीकडची अंथरुणे अर्थातच पेटीतली.

“सुरेश,” मामा दारातच थांबून म्हणाले, “तू नक्की इथंच राहतोस ना बाबू?”

*

माझ्या एम.एस्सी.चा निकाल लागला, तेव्हा पेटीच्या व्यवस्थेत शास्त्रीय सुधारणा करणे हे मी माझे कर्तव्य मानले. मी एक टिपण तयार केले. डांबराच्या गोळ्या कापडाला थेट लागू नयेत, पुरचुंडीत ठेवाव्यात. पांढरे कापड पत्र्याला टेकू देऊ नये, गंजाचे डाग पडतात. आणि मुख्य मुद्दा: धुऊन आलेली चादर ढिगाच्या तळाशी ठेवावी, म्हणजे सगळ्या चादरी पाळीपाळीने वापरल्या जातात आणि सारख्या झिजतात.

काकूंनी चष्मा लावून टिपण शेवटपर्यंत वाचले. मग पेटी उघडली. गोळ्या जुन्या अभ्र्याच्या पुरचुंडीत होत्या. पत्र्याला आतून जुनी सतरंजी लावलेली होती. त्यांनी ढीग उचलला आणि हातातली धुतलेली चादर तळाशी सरकवली.

“दोन वर्षांत एवढं सगळं शिकवलं? बरं झालं,” त्या अगदी मनापासून म्हणाल्या. “चल आता, गाद्या उन्हात टाकू.”

*

गेल्या डिसेंबरात करंबेळकर काका निवृत्त झाले. जानेवारीत क्वार्टर सोडून दोघे पुण्याला मुलाकडे जायचे ठरले. पेटी आठ घरांची, तेव्हा ती इथेच राहणार हे उघड होते. प्रश्न किल्लीचा होता. ब्लॉकमध्ये त्याची चर्चा निरोपसमारंभापेक्षा अधिक झाली.

वानखेडे काकूंनी सरळच विचारले. “ताई, किल्ली माझ्याजवळ द्या ना. माझ्याकडं फुल ऑटोमॅटिक मशीन आहे.”

“मशीनला नाक आहे का?” करंबेळकर काकूंनी विचारले.

शुक्ला भाभींनी आधीच माघार घेतली. “दीदी, हमको मत दीजिएगा. हमसे किसी को ना नहीं कहा जाता. गीली चादर भी रख लेंगे.”

आईने किल्ली मागितली नाही. घरी मात्र तिने त्या आठवड्यात तीच भाजी दोनदा खारट केली. बाबा म्हणाले, “अगं, तू माग की.” आई म्हणाली, “जिची चादर कधी पास झाली नाही, तिनं कोणत्या तोंडानं मागायचं?”

*

सामानाचा ट्रक जाण्याच्या आदल्या दिवशीच गेला. रिकाम्या क्वार्टरमध्ये शेवटची रात्र काढण्यासाठी काका-काकूंनी पेटीतल्या दोन चादरी घेतल्या. दुसऱ्या दिवशी गाडी दुपारची होती. साडेअकराच्या सुमारास काकू जिना चढून आमच्या दाराशी आल्या. हातात दोन्ही चादरी, पहाटे धुतलेल्या, त्यांच्या पद्धतीने घडी केलेल्या. शुक्ला भाभी आमच्याकडेच बसल्या होत्या, आणि मी.

“पेटीतल्या नेल्या होत्या,” काकू म्हणाल्या. “तपासून घे, मंगल.”

“मी?” आई म्हणाली. “तुमच्या चादरी मी काय तपासायच्या, ताई?”

“नेलेली चादर तपासूनच घ्यायची असते.”

आईने पहिली चादर उलगडली, उजेडाकडे धरली. वास घेतला. कड दोन बोटांत चोळली आणि ती घडी करून ठेवली. दुसरी उलगडली. कडेशी तिची बोटे थांबली. तिने पुन्हा चोळली. माझ्याकडे पाहिले, भाभींकडे पाहिले. जानेवारीतले ऊन त्या दिवशी खरोखरच पांढुरके होते. खाली काका रिक्षावाल्याशी बोलत असल्याचे ऐकू येत होते.

“ताई,” आई म्हणाली. “ओली आहे.”

“जाने दो ना मंगल,” भाभी हळूच म्हणाल्या. “इनकी ट्रेन है.”

“पाहुणा कडेला झोपतो, भाभी,” आई म्हणाली.

काकूंनी स्वतः कड चाचपली. चादर उचलली, जिना उतरल्या आणि मागच्या अंगणातल्या तारेवर घातली. शेजारी उभ्या राहून दर थोड्या वेळाने तिची बाजू बदलत राहिल्या. काका दोनदा घड्याळ दाखवून गेले.

रिक्षा सुरू होऊन उभी असताना काकू पुन्हा वर आल्या. या खेपेला त्यांनी घडी नेहमीपेक्षा लहान केली होती. आईच्या हातात ती दिली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या निघाल्या.

रिक्षा वळणापार जाईपर्यंत आम्ही गॅलरीत उभे होतो. मग आत येऊन आईने घडी उलगडली. तिसऱ्या पदरातून किल्ली निसटून फरशीवर पडली.

आईने आधी कड चोळून पाहिली. मग खाली वाकून किल्ली उचलली.