टॉर्चच्या उजेडात दोन पाय

बाळाराम गेल्याचा निरोप मला कंपनीच्या गेटवर मिळाला. दुसऱ्या पाळीला आत शिरत होतो, तर वॉचमननं थांबवून सांगितलं, तुमचा चामटोलीचा दोस्त सकाळी गेला... कावीळ त्यानं महिनाभर अंगावर काढली होती, हे मला ठाऊक होतं. डॉक्टरकडे जा म्हणून मी ओरडलोही होतो. पण माझं सगळंच ऐकत बसला असता तर तो बाळाराम कसला! एका बाबतीत मात्र त्यानं माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला. त्याविषयीच लिहायचं आहे, आणि ते लिहिताना मला माझी लाज वाटते आहे.

अंबरनाथच्या कारखान्यात तो फिटर होता आणि मी स्टोअरमध्ये. ऐंशीच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. कंपनीच्या क्रीडादिनाला चालण्याची शर्यत होती. बाळाराम गंमत म्हणून उतरला, पहिला आला, आणि त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच भूत शिरलं, की महाराष्ट्राकडून चालायचं. या शर्यतीचा नियम साधा, पण जीवघेणा. मागचा पाय उचलायच्या आत पुढचा जमिनीला टेकलेला हवा. दोन्ही पाय हवेत दिसले, की पंच नोंद करतात. तिघा पंचांनी नोंद केली, की माणूस बाद. स्वतःचे पाय स्वतःला कसे दिसणार? म्हणून रोज पहाटे साडेचारला मी कुळगावातून सायकलवर निघायचो, आणि चामटोलीच्या फाट्यापासून त्याच्या बाजूनं, जरा मागं राहून, एका हातानं त्याच्या टाचांवर टॉर्च धरायचो.

यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. कंबर हलवत चालणारा एक लुकडा माणूस, मागं भुंकणारी कुत्री, आणि ट्रकमधून डोकं काढून हसणारे क्लीनर. मांड्या घासून सोलवटायच्या म्हणून तो खोबरेल चोपडायचा. पायांची नखं काळी पडून गळायची. उल्हासनगरच्या बाजारात आम्ही बूट घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदार सिंधी काका म्हणाले, "अरे साईं, चलने की भी रेस होती है?" पण त्यांनी बूट नीट निवडून दिले. रविवारी जांभूळच्या पाण्याच्या टाक्यांपर्यंत जाऊन परत. इतर दिवशी चालून आला, की डबा उचलून थेट पहिली पाळी, आठ तास उभ्यानं. दोन वर्षांत त्यानं मोजून चार दिवस खाडा केला असेल, तेही भाताच्या कापणीला. आईनं बजावलं होतं, अजून एक वर्ष बघ, मग हे खूळ सोडायचं.

चालणं संपलं, की तो फाट्यावरच्या दगडावर बसायचा आणि रोज तेच विचारायचा, पाय उडला का? आणि मी म्हणायचो, नाही.

उडत होता. शेवटच्या दोन-तीन किलोमीटरला तो दमला, की उजवा टेकायच्या आत डावा उचलला जायचा. मला ते पहिल्यांदा दिसलं त्याच दिवशी त्याची वेळ चांगली मिनिटभरानं कमी झाली होती, आणि त्याचा चेहरा असा काही फुलला होता, की मी नाही म्हणून मोकळा झालो. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी वेळ आणखी कमी झाली. मग ते राहूनच गेलं... एकदा खोटं बोलल्यावर दुसऱ्यांदा बोलायला जोर लागत नाही.

ठाण्याच्या निवड चाचणीत शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या असताना त्याला बाहेर काढलं. तेव्हा तो तिसरा होता. सरळ माझ्याकडे आला, धापा टाकत.

"सदा, खरं सांग. उडला का रं?"

"नाही," मी म्हणालो. "त्यांना त्यांची माणसं पुढं काढायची होती."

त्यानं मान डोलावली. पुढच्या सोमवारी मी फाट्यावर गेलो, तर तो आलाच नाही. त्या दिवशी मी खरं बोललो असतो, तर आईनं दिलेलं वर्ष अजून हातात होतं, आणि चूक सुधारण्यासारखी होती. आता ते म्हणून काय उपयोग?

गेल्या वर्षी त्याची नववीतली मुलगी, वनिता, शाळेतून धावण्यासाठी निवडली गेली. बाळारामनं पाठवलं नाही. तिथं सगळं आधीच ठरलेलं असतं, आपल्याला कोण घेतंय, असं म्हणाला. मी समोर बसलो होतो. तेव्हाही खरं सांगितलं नाही.

तो गेल्यावर महिन्याभरानं मी चामटोलीला त्याच्या घरी गेलो. वहिनी ओटीवर बसल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या सहज म्हणाल्या, लग्नानंतर त्यांनी एकदा भाजी घेऊन जाताना त्याला रस्त्यावर चालताना पाहिलं होतं. "मी घरी येऊन बोलले, तुमचे पाय उडतात. तर मलाच म्हनाले, सदा रोज बघतो, तू एक दिवस बघितलंस." मग त्यांनी विचारलं, "उडत होते ना, भावोजी?"

मी हो म्हणालो. पहिल्यापासूनचं सगळं सांगितलं, चाचणीच्या दिवशी काय बोललो तेही. वहिनी ओटीच्या कडेकडे बघत राहिल्या. तिथं त्याचं निळं घमेलं होतं. शर्यतींचा नाद सुटून पंधरा वर्षं झाली, तरी कामावरून आला की तो मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसायचा. त्यांनी ते अजून जागचं हलवलं नव्हतं.

आमच्या मागं, घराच्या दारात वनिता उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"म्हणजे पंच खरे होते, काका?"

"हो."

"बाबांना माहीत नव्हतं?"

"नव्हतं," मी म्हणालो. ती बाहेर आली, घमेलं उचलून आत घेऊन गेली आणि दार लोटून घेतलं.