बाल्कनीतला आसूड

मी संशयी आहे असं लोक म्हणतात आणि मला त्यात वावगं काही वाटत नाही. नोएडातल्या ज्या कंपनीत मी आहे, तिथे माझं कामच मुळी इतरांनी दाखल केलेली खर्चाची बिलं तपासायचं. एका बिलात दोन हस्ताक्षरं असली की मला लांबूनच दिसतात. नवरा म्हणतो, "तू कोथिंबिरीची जुडीसुद्धा सोडून बघतेस." बघते. आत पिवळी निघते म्हणूनच बघते.

मागच्या हिवाळ्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. झटका हलका होता, पण चांगलं हॉस्पिटल आमच्या तालुक्याच्या गावापासून लांब, आणि घरात आई-बाबा दोघंच. मी जाऊन दोघांना इकडे घेऊन आले. बाबांचं बोलणं सुधारलं, चालणं सुधारलं. उजवा हात मात्र खांद्याच्या वर जाईना आणि त्याची बोटं आखडून राहिली. फिजिओथेरपीसाठी येणाऱ्या मुलीने दाबायला रबरी चेंडू दिला. बाबांनी तो थोडे दिवस दाबला आणि मग म्हणाले, "मी काय कुत्रा आहे का चेंडूशी खेळायला? मला कातडं आणून द्या. आसूड करतो."

बाबा सरकारी दवाखान्यात जनावरांचे डॉक्टर होते. लहानपणी शेजारच्या मळ्यात शर्यतीच्या बैलांसाठी गडी आसूड वळायचे, तिथे बसून बसून ते शिकले होते. "आसूड बैलाच्या पाठीवर नाही, हवेत वाजवायचा असतो," हे त्यांनी मला शेकडो वेळा सांगितलं असेल. आता त्यांनी अटही घातली. "मी आसूड विणला आणि तो वाजला, तर हात बरा झाला असं धरायचं. मग आम्ही आमच्या घरी जाणार."

मी लगेच हो म्हटलं. चामड्याची आठपेडी वेणी आखडलेल्या बोटांनी होणार नव्हती आणि ती व्हावी अशी माझी इच्छाही नव्हती. तिकडे पुन्हा काही झालं तर धावणार कोण?

कातडं मी दिल्लीत पहाडगंजच्या पलीकडच्या घाऊक बाजारातून आणलं. बकरीचं, आणि पक्कं बिल घेऊन. आमच्या भागात कातड्याची गुंडाळी घेऊन सोसायटीत शिरणं ही गंमत नाही. गेटवरच्या गार्डने पिशवी उघडायला लावली. "मॅडम, ये किस चीज़ का है?" मी बिल काढून दाखवलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि मला सोडलं, पण त्याची नजर लिफ्टपर्यंत माझ्या पाठीवर होती. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं की सातव्या मजल्यावर कसला वास येतोय. मी घाबरले, खरंच घाबरले. बाबांनी मात्र सोपा उपाय काढला. लिफ्टमध्ये कुणीही भेटलं की नमस्काराआधी ते म्हणायचे, "बकरी का है, बकरी का." न विचारता सांगितल्यामुळे लोकांचा संशय दुप्पट झाला.

बाल्कनीत कारखाना सुरू झाला. कातड्याच्या कडेने गोल गोल कापत गेलं की एकच लांबलचक वादी निघते. ती टोकाकडे निमुळती व्हायला हवी. अशा आठ वाद्या भिजवायच्या, एरंडेल चोळून मऊ करायच्या, मग त्यांचं एक टोक मुठीला बांधून वेणी घालत जायचं. मुठीसाठी पडद्याच्या लाकडी दांड्याचा तुकडा घेतला होता. जसजसं पुढे जावं तसतसे पेड कमी करत आणायचे. "एक जागा जरी ढिली राहिली," बाबा म्हणायचे, "तर आवाज तिथेच मरतो."

त्यांची सुरुवातीची वीतभर वेणी मी पाहिली. प्रत्येक पेडाखाली फट होती. मनात म्हटलं, हे काही वाजत नाही. दोघं इथेच राहतात.

आणि एका शनिवारी सकाळी बघते तो काय, ती वीतभर वेणी उसवून नव्याने घातलेली, आणि तिच्या पुढे हातभर वेणी अशी घट्ट की पेडांमध्ये नख जाणार नाही. बाबा पेपर वाचत होते. "हात सुधारतोय," ते पेपराआडून म्हणाले. त्याच हाताने आदल्या दिवशी त्यांना आमटीचा चमचा धरवला नव्हता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

पहिला संशय मेट्रो स्टेशनखाली बसणाऱ्या मोच्यावर. बाबा रोज फिरायला जायचे ते त्याच बाजूला. मी सँडलचा पट्टा शिवायचं निमित्त काढून त्याच्याकडे गेले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं. तो वैतागून म्हणाला, "वो अंकल? चाय पीते हैं और मेरी सिलाई में नुक्स निकालते हैं. काम कभी नहीं दिया." दुसरा संशय नवऱ्यावर. पण ज्या माणसाला स्वतःच्या बुटाची नाडी धड बांधता येत नाही, त्याच्यावर मी किती दिवस पाळत ठेवणार? आईचा विचारही माझ्या मनात आला नाही. आई दुपारी झोपते असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

घरून काम करण्याचा दिवस होता. मीटिंग रद्द झाली म्हणून मी पाणी घ्यायला स्वयंपाकघरात आले, तर खिडकीतून बाल्कनी दिसली. आसुडाची मूठ ग्रिलला बांधलेली. आई खाली पाय पसरून बसलेली, एक पाय भिंतीला टेकवून, आणि वाद्या ओढत होती. दर वळणाला ती एक हिसका देत होती. तो हिसका मी डोळे मिटूनसुद्धा ओळखला असता. शाळेत असताना रोज सकाळी ती माझी वेणी घालायची तेव्हा माझ्या डोळ्यांत त्याच हिसक्याने पाणी यायचं. तिच्या बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. बाबा शेजारी स्टुलावर बसून डाव्या हाताने वाद्या सुट्या करून देत होते.

"अगं, इतकी घट्ट नको," बाबा कुजबुजले. "तिला कळेल. ती बारीक बघते."

"बघू दे. ढिली घातली आणि वाजला नाही तर?"

"नाही वाजला तर राहू इथेच. एवढं काय आहे तिकडे? इथे दवाखाना खालीच आहे."

"तुमचं बरं आहे. तुम्ही मोच्याशीसुद्धा गप्पा मारता," आई म्हणाली. "मला इथे भांडायलासुद्धा कुणी नाही हो. भाजीवाला फसवतो ते कळतं मला, पण हिंदीत भांडायला लागले की शब्दच सापडत नाहीत. मग 'अच्छा भैया' म्हणायचं आणि घरी यायचं. मुकी झालेय मी."

मी पाणी न पिताच परत फिरले. मला वाटत होतं की जायचा हट्ट बाबांचा आहे. हट्ट आईचा होता आणि बाबा तिच्यासाठी तो आपल्या नावावर घेऊन बसले होते. मी आतापर्यंत मोठमोठ्या साहेबांना खोट्या बिलांवरून धारेवर धरलंय. त्या दोघांना पकडणं अगदी सोपं होतं. नुसतं बाल्कनीचं दार उघडायचं. ते मला जमलं नाही.

एप्रिलमध्ये आसूड पूर्ण झाला. पाटाखाली घालून लाटला, टोकाला रेशमी दोऱ्याचा गोंडा लावला. रविवारी सकाळी आम्ही सगळे सोसायटीच्या पार्कात गेलो. बाबांनी उजव्या हातात आसूड घेतला. हात खांद्याशी अडला आणि आसूड ओल्या दोरीसारखा गवतावर पडला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. आई बाबांकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती आणि तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

"नाही वाजत गं," बाबा म्हणाले.

झालं. अट पुरी झाली नाही, दोघं राहणार. मला हवं होतं तेच झालं होतं.

"बाबा," मी म्हणाले, "आसूड वाजला पाहिजे एवढंच ठरलं होतं. कोणत्या हाताने, हे कुठे ठरलं होतं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आसूड डाव्या हातात घेतला, हात डोक्यावरून फिरवला आणि असा आवाज झाला की झाडांवरची सगळी कबुतरं उडाली. गेटवरून दोन गार्ड धावत आले. "क्या हुआ? गोली चली क्या?" बाबा सवयीने म्हणाले, "बकरी का है." नवरा हसत हसत गार्डना समजवायला गेला.

आई खूश होईल असं मला वाटलं होतं. तिने मला दंडाला धरून बाजूला नेलं.

"डाव्या हाताचं तू का सुचवलंस?" तिने हळूच विचारलं. "आम्ही नको झालोय का तुला?"

आधी मला रागच आला. मग तिची सोललेली बोटं माझ्या दंडावर दिसली. "आई, मी तुला बाल्कनीत पाहिलंय," मी म्हणाले. "तू बोललीस तेही ऐकलंय. तुम्ही इथे मला हवे आहात. ऑफिसातून येते तेव्हा घरात तुम्ही असता, मला फार बरं वाटतं. तुम्ही गेलात की मी रडणार आहे. पण तू गप्प गप्प असतेस ते मला बघवत नाही."

"खरं सांगतेस?"

"खरं."

तिचा विश्वास बसला नाही. माझीच आई ती. त्या दुपारी मी लॅपटॉपवर त्यांची पुण्यापर्यंतची विमानाची तिकिटं काढत होते, तेव्हा ती चष्मा लावून माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मी नुसती जाण्याची काढतेय की परतीचीही, हे तिला बघायचं होतं.

मी दिवाळीला इकडे परत येण्याचीही काढली. तारीख तिने दोनदा वाचली आणि मग बॅग भरायला आत गेली.