जड बोट

बोट घेण्याआधी मी लाइफ जॅकेट घेतलं. नारिंगी, तीन पट्ट्यांचं, खांद्यापाशी शिट्टी बांधलेलं. पार्सल आलं त्या संध्याकाळी मी ते साडीवर चढवलं, पट्टे आवळले आणि तशीच ओट्यापाशी उभी राहून कणीक मळू लागले. नवरा स्टील प्लांटमधून आला, दारात बूट काढता काढता थांबला.

"हे काय होय?"

"जॅकेट."

"ते दिसून राहिलं मले. कावून घातलं?"

"बोटीत बसताना घालावं लागते."

"कोणाच्या बोटीत?"

"माह्या."

तो मोरीत गेला, हातपाय धुतले, चहा प्याला आणि मग म्हणाला, "अवं, भिलाईत भट्टी हाय, रूळ हाय, धूळ हाय. समुद्र कुठी हाय?"

"शिवनाथ हाय. धरणं हायेत. तलाव तर गावोगावी हायेत."

आठवडाभरात बातमी वसाहतीतल्या आमच्या सेक्टरभर झाली. मला फार मजा आली. गणपतीच्या नाटकांत मी लग्न होऊन इथं आल्यापासून राण्या, ठकी आणि एकदा दरोडेखोरीण केली आहे, पण इतकं प्रेक्षक-प्रेम कधी मिळालं नव्हतं. जो तो विचारी, कशाला? मी प्रत्येकाला वेगळं कारण देई. शेजारणीला सांगितलं, डॉक्टरनं पाण्यावरची हवा खायला सांगितली आहे. भिशीतल्या बायकांना सांगितलं, कर चुकवायचा आहे. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, प्लीज, लोग क्या बोलेंगे?" तिला म्हटलं, लोक जे बोलतील ते ऐकायलाच घेते आहे.

खरं कारण कोणालाच सांगितलं नव्हतं. एकदा एका धरणावर आम्ही सगळे मोटारबोटीत बसलो होतो. नावाड्यानं हौसेनं माझ्या नवऱ्याला हँडल धरायला दिलं, मग दिराला दिलं, मग ज्याला चष्म्याशिवाय समोरचा काठ दिसत नाही अशा आमच्या एका पाहुण्यालाही दिलं. मी हात पुढे केला तर म्हणाला, "आंटी, बैठ जाइए." मी बसले. पण ते "बैठ जाइए" माझ्याबरोबर घरी आलं आणि गेलंच नाही. बस, एवढंच. पाण्यावर माझं हँडल माझ्या हातात पाहिजे होतं, आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागायची नव्हती.

पावर हाउसच्या बाजारात माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. मशीनवर एक डोळा आणि मोबाइलवर दुसरा ठेवून मी सबंध हिवाळा जुन्या बोटी कशा पाहून घ्यायच्या याचे व्हिडिओ पाहिले. कुठं कुठं तडे जातात, इंजिनच्या तेलात पाणी शिरलं की ते दुधाळ कसं होतं, मागची फळी कशी सडते, सगळं पाहिलं. पोछ्याची दांडी खुर्चीला बांधून हँडलचा सरावही केला. डावीकडे ढकललं की बोट उजवीकडे जाते. खुर्ची मात्र कुठंच जात नसे.

दुकानातल्या एका बाईनं पत्ता दिला. नंदिनी नगरला एक ठेकेदार राहत होता. पिकनिकवाल्यांना फिरवायला म्हणून त्यानं बोट घेतली होती, धंदा चालला नाही, आणि आता ती त्याच्या आवारात ताडपत्रीखाली उभी होती. नवरा यायला तयार झाला, पण अट घालून.

"ही एक पाह्यची. नाई जमली तर विषय बंद. जॅकेट वापस."

"मंजूर," मी म्हटलं. त्याच्याकडे दुसरी बोट नाही आणि माझ्याकडे दुसरा पत्ता नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

त्यानं आपल्या भावाला बोलावून घेतलं. माझा हा दीर भिलाई-3 ला राहतो आणि रेल्वेचं इंजिन चालवतो. दोघं आले ते बोटीत खोट काढायला. गाडीत मागे बसून मी त्यांचं कारस्थान ऐकत होते.

"दादा, तू खालून पाह्य, मी इंजिन पाह्यतो. काई ना काई निघनच."

"निघालंच पाहिजे."

ताडपत्री निघाली. पांढरी, खाली निळा पट्टा, एका बाजूला खरचटलेली, मागे इंजिन टांगलेलं. मला वाटलं, ती माझ्याकडे बघून थोडी ओशाळली. नवऱ्यानं खिशातून लोहचुंबक काढलं. प्लांटच्या माणसाच्या खिशात पेन नसेल, पण चुंबक असतं. त्यानं ते बोटीला लावलं. ते खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं.

"दादा, फायबर हाय ते," दीर म्हणाला.

"मले माहीत हाय. पाहून राहिलो होतो."

मग त्यानं बोटीचा मागचा कोपरा उचलून पाहिला. हलला नाही. कमरेत वाकून, दम धरून पुन्हा उचलला. नाही. दिरानं दुसरी बाजू धरली. दोघांचे चेहरे टोमॅटोसारखे झाले आणि बोट ट्रेलरवर तशीच. आणि मग मी जे पाहिलं ते नाटकात लिहिलं असतं तर प्रेक्षकांनी मानलं नसतं. माझ्या नवऱ्याचा चेहरा मऊ पडला.

"काय वजन हाय बे!"

"ठोस माल हाय, दादा. आता असा बनते कुठी?"

आमच्या गावाला हा रोगच आहे. इथं दिवसभर माणसं टनांत बोलतात, म्हणून संध्याकाळीसुद्धा जड ते चांगलं आणि हलकं ते नकली. बाजारात कुकर घेताना आमचे लोक आधी तो हातात तोलतात, शिट्टी नंतर पाहतात. नवऱ्यानं घराच्या फाटकाला लावलेली ग्रिल इतकी जड आहे की दूधवाला ती उघडण्याऐवजी पिशवी वरून फेकतो. आता तो बोटीच्या अंगावरून म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवत होता.

"घेऊन टाक," तो म्हणाला.

"काय?"

"घेऊन टाक म्हणतो. पिढ्या जाईन, पन हे बोट नाई जाईन."

दीर म्हणाला, "वहिनी, दादा बरोबर बोलून राहिला. सोचू नका."

हिवाळाभर ज्यांनी माझी थट्टा केली ते दोघं आता मला बोट घ्यायचा आग्रह करत होते. मला वाटायला हवं होतं की जिंकले. पण एक गोष्ट जुळेना. व्हिडिओत अशीच, एवढीच बोट दोन माणसांनी खाट उचलावी तशी उचलली होती.

मी इंजिनच्या टोपणावर तळवा ठेवला. गार होतं. म्हणजे आम्ही यायच्या आधी गुपचूप तापवून ठेवलं नव्हतं. खालच्या स्क्रूतून थोडं तेल काढायला लावलं. काळं होतं, दुधाळ नव्हतं. मग मी ठेकेदाराला म्हटलं, "भैया, पानी में उतारिए."

"मैडम, पानी में क्या देखना है? नाव है, तैरेगी ही."

"भैया, हम साड़ी भी दुकान की लाइट में नहीं लेते. बाहर धूप में निकालकर देखते हैं."

"अवं, कायले त्रास देतं त्याले?" नवरा म्हणाला. तो आता ठेकेदाराच्या बाजूचा झाला होता.

मी गाडीतून जॅकेट काढलं आणि चढवलं. त्यानंतर कोणी वाद घातला नाही.

ट्रॅक्टरनं ट्रेलर गावच्या तलावावर नेला. घाटावर बायका कपडे धूत होत्या. बोट पाण्यात सरकली आणि बसली, अगदी आपल्या घरी आल्यासारखी, मागच्या बाजूनं जरा जास्तच आरामात. ठेकेदार पुढे बसला. मी मागे, हँडलपाशी. त्यानं वळून पाहिलं आणि तोंड उघडलं.

"बैठी ही हूँ, भैया," मी त्याच्या आधीच म्हटलं.

दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली, बोट खोकली. तिसऱ्यांदा ओढल्यावर असं काही गरजली की घाटावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. इंजिनच्या कुशीतून पाण्याची बारीक, सरळ धार सुटली. इंजिनची प्रकृती ठणठणीत असल्याची ही खूण. मी मासे मारायला निघाले असं वाटून एक बाई ओरडली, "मछरी मारे बर जाथस का, दीदी?"

"घूमने!" मी ओरडले आणि हँडल ढकललं. डावीकडे ढकललं, बोट उजवीकडे गेली. देवाशपथ, खुर्चीनं कधी असं सुख दिलं नव्हतं. काठावर दोन भाऊ हात हलवत काहीतरी ओरडत होते, ते मला ऐकू आलं नाही, आणि ऐकू न येण्याचं इतकं समाधान मला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळालं.

तलावाच्या मधोमध मी वळण घेतलं. हँडल वळलं, पण बोट वळायला मागेपुढे बघू लागली. आणि वळली तर वळतच राहिली, मी हँडल सरळ केल्यावरही. पाणी मागच्या कडेच्या जेमतेम इंचभर खाली होतं. हे मी कुठंतरी अनुभवलं होतं. कुठं? मग हातांना आठवलं. गोधडी. टबातून भिजलेली गोधडी उचलताना असंच होतं. आपण एकीकडे ओढतो, ती तिच्या मनानं दुसरीकडे झुलते.

फायबर म्हणजे शेवटी कापडच. काचेच्या धाग्याचं कापड, थरावर थर, मध्ये चिकट रसायन, आणि दोन थरांच्या पोटात फोम. अस्तर लावलेलं जॅकेट म्हणा. कापडातलं मला कोणी सांगायची गरज नाही.

काठाला लागल्यावर मी पर्समधून गोधडी शिवायचा सुआ, म्हणजे दाभण, काढला. मागच्या फळीला, जिथं इंजिन टांगलेलं होतं तिथं, आतल्या बाजूनं एक जुनी भेग होती. तिच्यात सुआ टेकवला आणि दाबला. उकडलेल्या बटाट्यात जावा तसा आत गेला. बाहेर काढला तर मागोमाग तपकिरी पाणी आलं, ओघळत राहिलं, थांबेना. मग बोटीच्या तळाला सुआच्या मागच्या टोकानं ठोकत गेले. पुढे टणटण, मागे थपथप.

"हे पाणी प्यालेली हाय," मी म्हटलं. "तुमचं ठोस वजन हे पाण्याचं होय."

नवऱ्यानं त्या ओघळाकडे असं पाहिलं, जणू मी भोक पाडलं म्हणून बोटीला रडू आलं.

"सुकन ते. उन्हात ठेवू ना."

"दोन थराच्या मधात ऊन कसं जाईन?"

"अवं, पुरा हिवाळा डोकं खाल्लं आमचं. आता आमी हो म्हणून राहिलो तं तू नाई म्हणतं?"

"हो."

"म्हणजे तुले बोट पाहिजेच नव्हती. आमच्याशी भांडण पाहिजे होतं."

दीर हसला. ठेकेदार आकाशाकडे पाहू लागला. मला राग आला, खरा, नाटकातला नाही.

"मले बोट पाहिजे," मी म्हटलं. "तुमी नाई म्हणत होते तवाबी पाहिजे होती, अन् आता हो म्हणता तवाबी पाहिजे. पन हे नाई. तुमच्या होकारासाठी मी सडकी फळी नाई घेत."

नवरा अगदी हळू, वाकडं न बोलता, म्हणाला, "मंग विषय बंद. बोलनं झालं होतं आपलं."

झालं होतं खरं. अटीप्रमाणं जॅकेटसुद्धा परत करायचं होतं. हँडल धरलेला माझा तळवा अजून झिणझिणत होता. मी बोटीकडे पाहिलं, मग तिच्या मागे टांगलेल्या त्या काळ्या, ठणठणीत, शुद्ध तेलाच्या इंजिनकडे. अट बोटीची होती, इंजिनची नव्हती.

"भैया, इंजन अलग से दीजिएगा?"

"सिर्फ इंजन? मैडम, फिर नाव का मैं क्या करूँगा?"

"बगीचे में रखिए. पानी तो उसमें है ही."

त्यानं बरेच आढेवेढे घेतले. मी त्याला भावनिक संवाद ऐकवले, दोनदा गाडीकडे चालू लागले, एकदा खरोखर दार उघडून बसले. शेवटी घाटावरच्या बायकाच त्याला ओरडू लागल्या, "दे दे गा, दे दे!" आणि त्यानं दिलं.

घरी आल्यावर इंजिन जमिनीवर ठेवलेलं नवऱ्याला बघवेना. पुढच्या सुट्टीत त्यानं मागच्या अंगणात त्याच्यासाठी स्टँड वेल्ड केला. गर्डरचा. चार माणसांनी मिळून तो जागेवर ठेवला. त्याच्यापुढे पाण्यानं भरलेला ड्रम आला, इंजिनचं पातं ड्रमात, आणि हँडल माझ्या हातात.

आता मी दर रविवारी जॅकेट घालून ते चालवते. नाहीतर गंजून जाईल. ड्रममध्ये वादळ उठतं, धूर होतो, कुंपणापलीकडचे शेजारी भिंतीवरून मान काढतात.

"भाभीजी, नाव कहाँ है?"

"आ रही है," मी सांगते आणि वेग वाढवते.

परवा दुपारी दुकानात नवऱ्याचा फोन आला. सुट्टी होती, तर भावाला घेऊन कुठंतरी गेला होता. मला न सांगता.

"एक बोट पाह्यली," तो म्हणाला. आवाज पडलेला होता. "इंजिन नाई तिले. बाकी दिसते बरी. पन मी कोपरा उचलला तं एका हातानं उचलला गेला ना. काई भरवसा नाई वाटून राहिला."

मी मशीन थांबवली.

"तिथंच उभे राहा," मी म्हटलं. "मी सुआ घेऊन येते."